पाणाड्याची तार: करून पाहा, पारखून पाहा

मंडळी, विहीर खणायची किंवा बोअर मारायची म्हटली की घरात पहिला प्रश्न निघतो तो, "पाणी बघायला कोणाला बोलवायचं?" मग पंचक्रोशीतल्या एखाद्या पाणाड्याचं नाव पुढे येतं. कोणी उंबराची किंवा पेरूची दुबेळकी काडी घेऊन येतो, कोणी तळहातावर नारळ ठेवून शेत फिरतो, कोणी किल्ल्यांचा जुडगा दोऱ्याला टांगतो, तर अलीकडे पुष्कळजण तांब्याच्या किंवा लोखंडाच्या वाकवलेल्या दोन तारा वापरतात. तारा एकमेकींवर आल्या की पाणाड्या थांबतो, टाच आपटतो आणि म्हणतो, "इथं दोन झरे मिळतात. सहा परसांवर पाणी लागेल." त्या जागी दगड मांडला जातो, नारळ फुटतो आणि खर्चाला सुरुवात होते.

आज आपण ही तार स्वतः तयार करणार आहोत, ती हातात कशी धरायची ते पाहणार आहोत, ती का फिरते ते समजून घेणार आहोत आणि मुख्य म्हणजे तिची परीक्षा कशी घ्यायची हे शिकणार आहोत. सामान सारं घरातलं आहे. शाळेतल्या मुलांनाही हे सहज जमेल.

हा विषय कोणासाठी किती महत्त्वाचा आहे ते जासईच्या उदाहरणावरून कळेल. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातलं, आज नवी मुंबईच्या कक्षेत आलेलं हे गाव, दि. बा. पाटील यांचं गाव. एका अंगाला डोंगराचा उतार, दुसऱ्या अंगाला खाडीकडची सपाट खारजमीन. 1970 नंतर या पट्ट्यातली जमीन नव्या शहरासाठी संपादन होऊ लागली. 1984 च्या जानेवारीत जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जासई आणि नवघर परिसरात शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, त्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. अशा गावात आज ज्याच्याकडे घराभोवती चार गुंठे उरले आहेत, त्याला एक विहीर चुकली तर दुसरी खणायला जागाच नसते. शिवाय खाडीजवळ पाणी लागलं तरी ते मचूळ किंवा खारट लागण्याचा धोका असतो. म्हणून "पाणी कुठे आहे?" एवढाच प्रश्न इथे पुरत नाही. "गोडं पाणी कुठे आहे, आणि ते किती दिवस पुरेल?" असं विचारावं लागतं.

आता तारेकडे वळू.

तार तयार करणे

कुंपणाची किंवा कपडे टांगण्याच्या हँगरची बऱ्यापैकी जाड तार घ्यावी. तिचे सुमारे 55 सेंटिमीटर लांबीचे दोन सारखे तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा एका टोकापासून 15 सेंटिमीटरवर काटकोनात वाकवावा. लहान बाजू म्हणजे मूठ आणि 40 सेंटिमीटरची लांब बाजू म्हणजे दांडी. टोके कानशीने घासून बोथट करावीत, नाहीतर डोळ्याला इजा व्हायची. मुठीवर बॉलपेनची रिकामी नळी किंवा पपईच्या पानाचा पोकळ देठ बसवावा. आपण नळी धरायची, तार नळीत मोकळी फिरली पाहिजे.

दोन्ही नळ्या मुठीत उभ्या धराव्यात. कोपरे अंगाला टेकलेली, हात पुढे आणि दोन मुठींत वीतभर अंतर ठेवावे. दांड्या समोर, एकमेकींना समांतर आणि टोकाकडे किंचित खाली झुकलेल्या असाव्यात. आता हळूहळू चालावे. जमिनीखालून गेलेला नळ किंवा झाकलेली टाकी ठाऊक असेल तर तिच्यावरून जावे. दहांतल्या निम्म्याअधिक माणसांच्या हातात तारा आत वळतील. काहींच्या बाहेरही वळतील. "मी काहीच केलं नाही, तार आपोआप फिरली," असं तो माणूस म्हणेल. तो खोटं बोलत नसतो, हे आधीच सांगून ठेवतो.

तार का फिरते?

आपल्या वाडीच्या फाटकाचा विचार करा. फाटकाचा खांब ओळंब्यात उभा असला तर फाटक जिथे सोडावं तिथे राहतं. खांब बोटभर कलला की फाटक आपोआप उघडतं किंवा लागतं, ढकलायला कोणी लागत नाही. आपल्या हातातली तार म्हणजे असंच एक हलकं फाटक आणि मूठ हा त्याचा खांब. मनगट केसभर आत कललं तरी दांडी एक वीत फिरते. हात किती हलला हे डोळ्याला दिसत नाही, पण तार किती फिरली हे सर्वांना दिसतं. लहान हालचाल मोठी करून दाखवणारं हे साधन आहे, एवढंच त्याचं रहस्य.

दुबेळकी काडीचंही तसंच आहे. तिचे दोन फाटे ओढून ताणून धरलेले असतात, म्हणजे ती चढवलेल्या धनुष्यासारखी असते. मनगट थोडं वळलं की ती झटक्यानं खाली किंवा वर जाते, आणि इतक्या जोरानं जाते की धरणाऱ्याच्या हाताची साल निघते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहतो तोही हाताच्या अशाच किंचित हालचालीनं.

पण हात हलतो कशानं? मनातल्या अपेक्षेनं. "इथे पाणी असणार" असं मनात आलं की स्नायू आपल्या नकळत त्या बाजूला किंचित ओढ घेतात. फ्रान्समधले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी हे स्वतःवरच तपासलं आणि 1833 साली प्रसिद्ध केलं. त्यांच्या हातातला लोलक पाऱ्यावर धरला की झुलायचा. त्यांनी हाताला टेकू दिला तेव्हा झुलणं मंदावलं. मग डोळ्यांवर पट्टी बांधली, तेव्हा लोलकाखाली काय ठेवलं आहे याचा लोलकावर काहीच परिणाम होईना. पुढे 1852 मध्ये इंग्लंडमधले कार्पेंटर यांनी मनातल्या कल्पनेनं होणाऱ्या या नकळत हालचालीला शास्त्रीय नाव दिलं. यात लबाडी नाही. शेव्हरल यांच्यासारख्या पंडिताचा हात हलतो, तिथे आपल्या हाताचं काय!

शाळेत करण्याजोगे तीन प्रयोग

शिक्षक बंधुभगिनींनो, पुढचे प्रयोग सातवी-आठवीच्या मुलांकडून जरूर करून घ्या.

पहिला प्रयोग हाताविना करायचा. दोन बाटल्या ओल्या वाळूनं भरा आणि त्यांत पेनच्या नळ्या सरळ उभ्या रोवा. नळ्यांत तारा सोडा. बाटल्या एका सपाट स्टुलावर ठेवा. वाऱ्याला आडोसा करा. आता स्टुलाखाली पाण्यानं भरलेली घागर सरकवा. तारा हलणार नाहीत. पाण्यात ओढ असती तर तारा इथेही फिरायला हव्या होत्या. मग घागर काढून टाका आणि स्टुलाच्या एका पायाखाली कागदाची घडी घाला. एका घडीनं भागलं नाही तर आणखी एक घाला. पाण्याचा थेंबही नसताना तारा वळतील. फाटकाचा खांब कलला!

दुसरा प्रयोग लपवलेल्या पाण्याचा. पाच सारखे डबे घ्या. एकात पाणी भरा आणि चारांत तेवढ्याच वजनाची वाळू. आधी डबे उघडे ठेवून तारा धरणाऱ्याला फिरू द्या. पाण्यावर तार वळते याची त्याची स्वतःची खात्री होऊ द्या, म्हणजे नंतर तक्रार राहत नाही. मग एका मुलाने चिठ्ठी काढून, ज्या क्रमांकाची चिठ्ठी निघेल त्या जागी पाण्याचा डबा ठेवावा, सर्व डबे झाकावेत, जागा वहीत लिहावी आणि तारा धरणारा येण्याआधी तिथून निघून जावे. हे निघून जाणं फार महत्त्वाचं आहे. जागा ठाऊक असलेला माणूस समोर असला की त्याचा चेहरा, त्याचा श्वास, त्याची नजर यांवरूनही उत्तर फुटतं. असे वीस डाव करावेत. निव्वळ नशिबानं वीसांत चार बरोबर येतील. आठ आले तर हुरळू नये, कारण तेवढे नशिबानं साधारण तीस वेळांत एकदा येतातच. दहा किंवा अधिक मात्र नशिबानं सुमारे चारशे वेळांत एकदाच येतात. तेवढे आले तर सारा प्रयोग पुन्हा करावा.

तिसरा प्रयोग वाहत्या पाण्याचा. पाणाडे म्हणतात, "डब्यातलं पाणी मेलेलं, आमची काडी जिवंत झऱ्यावर चालते." हे म्हणणं योग्य मानून चालू या. रबरी नळी चरात पुरून वर माती ओढावी. दूरच्या तोटीजवळ एका मुलाने नाणं उडवावं. छाप आला तर पाणी सोडावं, काटा आला तर बंद ठेवावं. नळीचं दुसरं टोक तारा धरणाऱ्याच्या नजरेआड आणि कानाआड असावं. वीस डावांत नशिबानं दहा बरोबर येतील. पंधरा किंवा अधिक येणं ही पन्नासांत एकदा घडणारी गोष्ट आहे.

हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर 1990 साली जर्मनीतल्या कासेल गावी झाला. सपाट मैदानात 50 सेंटिमीटर खोल नळ पुरले होते. सुमारे तीस पाणाडे आले होते. परीक्षा रास्त आहे असं त्यांनी आधी लिहून दिलं होतं आणि आपण सगळीच उत्तरं बरोबर देऊ अशी त्यांची अपेक्षा होती. तीन दिवसांच्या परीक्षेअंती निकाल नशिबाइतकाच आला. त्याआधी 1987 आणि 1988 मध्ये म्युनिकजवळ एका धान्यकोठारात याहून मोठी परीक्षा झाली होती. पाचशेंहून अधिक पाणाड्यांतून 43 जण निवडले आणि त्यांच्याकडून 843 वेळा नळाची जागा ओळखवली. त्यांतल्या 37 जणांना काही साधलं नाही. उरलेल्या सहांबद्दल संशोधकांना आशा वाटली, परंतु पुढे अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले आणि तेही नशिबाच्या पलीकडे जात नाहीत असं दाखवलं.

मग पाणाड्याला पाणी लागतं कसं?

हा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो विचारायलाच हवा. "आमच्या काकांच्या विहिरीला त्यानंच पाणी दाखवलं," असं सांगणारा गावोगाव भेटतो.

याची कारणं तीन. पहिलं असं की जमिनीखालचं पाणी नळासारख्या एकट्या धारेनं क्वचितच वाहतं. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, थरावर थर साचून झालेला. घट्ट कातळात पाणी मावत नाही. पण वरचा कुजून झालेला मुरूम, भेगाळलेला खडक, बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला मऊ थर आणि दोन थरांमधला सांधा यांत ते झिरपून पसरलेलं असतं. कोकणात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे सखल जागी पुरेसं खोल गेलं तर काही ना काही पाणी बहुतेक ठिकाणी लागतंच. म्हणजे दगड मांडला तिथे लागलं, तसं वीस पावलांवरही लागलं असतं. पण तिथे कोणी खणून पाहत नाही.

दुसरं कारण आपल्या आठवणीचं. लागलेली विहीर गावभर बोलली जाते, कोरडी गेलेली विहीर मालक झाकून ठेवतो. वर सबबी असतातच: "खणताना विटाळ झाला," "सुरुंगानं झरा सरकला," "दोन हात इकडं खणायला हवं होतं."

तिसरं कारण मात्र आदरानं सांगण्यासारखं आहे. जुना, जाणता पाणाडी रान वाचतो. चाळीस वर्षं विहिरी पाहिलेल्या माणसाला उताराचा कल, मातीचा रंग, वैशाखातही हिरवं राहिलेलं झाड, शेजारच्या विहिरीचा काठ हे सारं दिसत असतं. निकाल त्याचे डोळे देतात आणि श्रेय काडी घेते. युरोपातल्या खाणींवर 1556 साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याचे कर्ते अ‍ॅग्रिकोला यांनीही नेमकं हेच सांगितलं होतं: ज्याला जमिनीच्या नैसर्गिक खुणा कळतात त्याला दुबेळक्या काडीची गरज नाही.

आपल्याकडे तर ही परंपरा त्याहून जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचं प्रकरण भूमिगत पाण्यावरच आहे. कोणत्या झाडाजवळ कोणत्या दिशेला वारूळ असलं, माती आणि दगड कोणत्या रंगाचे निघाले म्हणजे किती पुरुष खोलीवर पाणी लागेल, असं तिथे सांगितलं आहे. त्यातलं प्रत्येक विधान आज खरं ठरेल असं नाही, पण भर आहे तो जमिनीवरच्या खुणांवर. महात्मा फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात सरकारला सुचवलं होतं की, पाणाड्यांकडून साऱ्या जमिनीची पाहणी करवावी आणि पाण्याच्या जागा गावाच्या नकाशात नोंदाव्यात. पुढे 1920 नंतरच्या दशकात मेजर पॉग्सन नावाचे इंग्रज अधिकारी सरकारी पाणाडे म्हणून मुंबई इलाख्यात फिरलेही. परंतु फुल्यांच्या सूचनेतलं खरं सोनं काडीत नव्हतं, ते होतं नोंदीत. जे एकाच्या डोक्यात आहे ते गावाच्या कागदावर यावं, हा तिचा गाभा.

विहिरीपूर्वी काय पाहावे?

तेव्हा जासईसारख्या गावात विहीर किंवा बोअर घेण्याआधी या गोष्टी पाहाव्यात.

शेजारच्या पाच-सहा विहिरी वैशाखात पाहाव्यात, श्रावणात नव्हे. पाणी किती खोल आहे, उपसल्यावर किती वेळात पुन्हा भरतं, चव कशी आहे, हे लिहून ठेवावं. श्रावणातली विहीर सगळ्यांचीच भरलेली असते.

मग जमिनीचा कल पाहावा. दोन उतार जिथे मिळतात ती सखल पट्टी, ओढ्याचा काठ, डोंगराचा पायथा या जागा टेकाडापेक्षा बऱ्या. जवळ खाण किंवा रस्त्याचा कापलेला भाग असेल तर तिथे मुरमाचा थर किती जाड आहे, खालचा खडक भेगांचा आहे की अखंड, हे उघड दिसतं. पावसाळा सरल्यावरही ओल राहणारा थर ध्यानात ठेवावा.

खाडीकडे जाऊ लागलो की हिशेब बदलतो. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा थोडं हलकं असतं. एक लीटर गोडं पाणी 1000 ग्रॅम भरलं तर समुद्राचं साधारण 1025 ग्रॅम भरतं. म्हणून जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, ताकावर लोणी तरंगावं तसं. हिशेब असा बसतो की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर असली तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. याची दुसरी बाजू ध्यानात घ्या. जोरानं उपसा करून ती पातळी 1 मीटरनं उतरवली, तर खालचं खारं पाणी कालांतराने 40 मीटरपर्यंत वर चढू शकतं. आपल्या भेगाळ खडकात हे गणित तंतोतंत उतरत नाही, पण दिशा तीच. म्हणून खाडीजवळ "अजून खोल जाऊ, म्हणजे पाणी वाढेल" हा विचार घातक आहे. तिथे उथळ, रुंद विहीर आणि बेताचा उपसा हेच शहाणपण. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे लागतील हे सांगता येत नाही, आणि ती शेजाऱ्याचं पाणीही बिघडवते.

यानंतर जाणकाराला विचारावं. 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. तिचे भूवैज्ञानिक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. ते जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडतात आणि खडक तिला किती अडवतो ते मोजतात. कोरडा कातळ फार अडवतो, ओला मुरूम कमी आणि खारं पाणी तर फारच थोडं. त्यामुळे गोडं-खारं याचाही अंदाज बांधता येतो. हाही अंदाजच आहे आणि तोही चुकतो. पण तो लिहिलेला असतो, दुसऱ्याला तपासता येतो आणि चुकला तर का चुकला हे शोधता येतं. हीच यंत्रणा राज्यभर निवडलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते.

जाता जाता शिक्षकांना एक विनंती. तारेचे प्रयोग झाले की तिथेच थांबू नका. सुताच्या दोरीला दगड बांधा, दोरीवर हातहात अंतरावर गाठी मारा आणि मुलांना घेऊन गावातल्या विहिरी मोजा. दिवाळीनंतर एकदा, संक्रांतीच्या सुमारास एकदा, होळीला एकदा आणि वैशाखात शेवटची. काठावर वडीलधारं माणूस उभं असू द्या. विहिरीचं नाव, पाण्याची खोली, चव आणि तारीख एवढ्या चारच गोष्टी मोठ्या कागदावर लिहून तो शाळेच्या भिंतीला लावा. तीन वर्षांत त्या कागदावर दिसू लागेल की कोणत्या आळीचं पाणी आधी आटतं, कोणत्या बाजूनं खारेपणा पुढे सरकतो आहे आणि नवी विहीर कुठे घेण्यात अर्थ आहे. मग गावातल्या जाणत्या पाणाड्यालाही बोलवा. त्याची काडी बाजूला ठेवायला सांगा, आणि त्याला रानात काय काय दिसतं तेवढं मुलांना विचारू द्या. तो जे सांगेल तेही त्याच कागदावर लिहून घ्या.